टायर मोठा, जागा तेवढीच

मित्रांनो, वायवाला "सस्पेन्शनचे कार्य सांगा" असा प्रश्न आला की आपण सगळेच घडाघडा बोलतो. रस्त्याचे धक्के शोषून घेणे, चाकाची रस्त्यावरची पकड टिकवणे, प्रवाशांना आराम देणे वगैरे. एवढे म्हटले की परीक्षकांची मान हलते आणि आपली सुटका होते. मीही तसाच सुटलो होतो. पण तेच सस्पेन्शन धारूरच्या घाटात, मामाच्या पिकअपमध्ये बसलेलो असताना समोर उभे राहिले, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. त्यानंतर टेप, खडू आणि कॅल्क्युलेटर घेऊन जे शिकलो ते या लेखात मांडतो आहे. विषय साधा आहे. पिकअपला मोठे टायर बसवायचे असतील, तर ते घासू नयेत म्हणून काय पाहायचे?

आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच पोरांच्या घरी किंवा भावकीत एखादी पिकअप असतेच. शिवाय सुट्टीत घरी गेलो की आपल्याला हमखास विचारले जाते, "तू इंजिनिअर ना? मग सांग की." म्हणून हे सगळ्यांच्या कामाचे आहे, कॉम्प्युटरवाल्यांच्यासुद्धा.

मामाची गाडी आणि माझे सर्टिफिकेट

मामाचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर. त्याची पिकअप वर्षभर राबते. पावसाळा सरला की सीताफळाचे कॅरेट, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचा संसार, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या. यातले निम्मे काम डांबरी सोडून शेतवाटेवर. काळ्या रानातल्या वाटेला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि मधोमध उंचवटा राहतो. त्या उंचवट्याला मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियलचे हौसिंग, दर खेपेला खरडायचे. मामाने ठरवले, टायर मोठे टाकायचे.

गाडीवर कंपनीचे २१५/७५ आर १५ मापाचे टायर होते. एका गॅरेजात त्याला ३१ इंची टायरचा वापरलेला सेट मिळाला, रुंद रिमसकट. गॅरेजवाल्याने गाडी सपाट जागेवर उभी करून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवले. कुठेच घासले नाही. मी दसऱ्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा मामाने मोठ्या कौतुकाने गाडी दाखवली. "काय रं इंजिनिअर, कसे दिसायलेत?" मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणालो, "एक नंबर, मामा." वाकून आत पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सीताफळाचे कॅरेट भरून आम्ही परभणीकडे निघालो. धारूरहून तेलगावकडे उतरणारा तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची वळणे माहीत आहेत. एका उजव्या वळणावर समोरून ट्रक आला. मामाने ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग पूर्ण कापले. डाव्या बाजूने "खर्रर्र" असा आवाज झाला, स्टेअरिंगला हिसका बसला आणि केबिनमध्ये जळक्या रबराचा वास आला. गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बंपरच्या कोपऱ्याने नखभर खोल खाच पाडली होती. मामा काहीच बोलला नाही. नुसते माझ्याकडे बघितले. त्या बघण्याने मला जेवढे शिकवले तेवढे चार सेमिस्टरने शिकवले नव्हते.

टायरगाडी का घासत नाही?

परत आल्यावर मी ओट्यावर बसून विचार करत होतो. समोर शेजाऱ्यांची टायरगाडी उभी होती, ऊस वाहायची बैलगाडी. तिलाही मोटारीचेच टायर असतात. ती कधीच घासत नाही. का?

कारण तिच्या चाकाला एकच काम आहे, स्वतःभोवती फिरणे. तिचा आस गाडीच्या सांगाड्याला पक्का बांधलेला असतो. मध्ये स्प्रिंग नाही, म्हणून चाक सांगाड्याच्या तुलनेत वर-खाली होत नाही. वळायचे असेल तेव्हा बैल वळतात आणि अख्खी गाडी वळते, चाक एकटे वळत नाही. म्हणून गाडी उभी असताना टायर आणि फळी यांच्यात जेवढी फट असते, तेवढीच ती चालतानाही राहते.

पिकअपचे पुढचे चाक मात्र तीन कामे एकाच वेळी करते. फिरते, वळते आणि वर-खाली होते. म्हणून उभ्या, रिकाम्या गाडीतली फट ही खरी फट नव्हेच. खरी फट म्हणजे भरलेली गाडी, पूर्ण वळलेले चाक आणि पूर्ण दबलेली स्प्रिंग, या तिन्ही गोष्टी एकदम झाल्यावर जी उरते ती. आमच्या घाटात नेमके तेच झाले. माल होता, ब्रेक दाबल्याने गाडीचा भार पुढे आला, वळणामुळे बाहेरच्या म्हणजे डाव्या चाकावर आणखी आला आणि स्टेअरिंगही टोकाला होते. गॅरेजमधल्या सपाट जागेवर यातले फक्त शेवटचे तपासले गेले होते.

आकडे काय म्हणतात?

टायरच्या अंगावरचा आकडा वाचणे सोपे आहे. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आता हिशेब करू. भिंतीची उंची २१५ × ०.७५ = १६१.२५ मिमी. ती खाली-वर दोनदा येते, म्हणजे ३२२.५. रिम १५ × २५.४ = ३८१ मिमी. एकूण व्यास ७०३.५ मिमी.

मामाने घेतलेला टायर ३१ × १०.५० आर १५ होता. यात व्यास आणि रुंदी थेट इंचांत लिहिलेली असते. व्यास ७८७ मिमी, रुंदी २६७ मिमी. म्हणजे व्यास ८४ मिमीने वाढला. पण चाकाचा मध्य आसावर असतो, त्यामुळे वरच्या बाजूला आणि जमिनीच्या बाजूला यातला निम्माच, म्हणजे ४२ मिमी वाटा येतो.

तुलनेसाठी एक मधला आकार घेऊ, २३५/७५ आर १५. त्याचा व्यास ७३३.५ मिमी. मूळच्यापेक्षा ३० मिमी जास्त, म्हणजे त्रिज्येत १५ मिमी. रुंदीत २० मिमी जास्त.

रिम आत की बाहेर?

बहुतेक जण व्यासावरच थांबतात. मीही थांबलो असतो, पण रिमच्या आत एक ठसा असतो, ई.टी. आणि पुढे आकडा. हा ऑफसेट. रिमची मधली रेषा आणि रिम जिथे हबला बोल्टने बसते तो पृष्ठभाग, यांच्यातले हे अंतर. ऑफसेट धन असेल तर चाक आत बसते. शून्य किंवा ऋण झाला की चाक बाहेर सरकते.

जुनी रिम ६ इंच रुंद, ई.टी. २० होती. नवी ८ इंच रुंद, ई.टी. शून्य. (३१ × १०.५० ला ७ ते ९ इंच रुंदीची रिम लागते, म्हणून जुन्या रिमवर तो बसलाच नसता.) हबच्या पृष्ठभागापासून मोजले तर:

जुना टायर बाहेर: २१५ ÷ २ − २० = ८७.५ मिमी. आत: १०७.५ + २० = १२७.५ मिमी.

नवा टायर बाहेर: २६७ ÷ २ − ० = १३३.५ मिमी. आतही १३३.५ मिमी.

म्हणजे आतल्या बाजूला फरक फक्त ६ मिमी, आणि बाहेरच्या बाजूला तब्बल ४६ मिमी. गॅरेजवाल्याने चॅसी आणि ब्रेकच्या पाइपला लागू नये म्हणून चाक बाहेर काढले होते. आतली अडचण सुटली आणि ती बाहेर जाऊन बसली.

वळताना काय होते?

वरून पाहिले तर टायर हा एक आयत आहे. हा आयत स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. तो किंगपिनच्या रेषेभोवती, म्हणजे थोड्या आतल्या बिंदूभोवती वळतो. त्यामुळे सगळ्यात मोठे वर्तुळ काढतो तो टायरचा बाहेरचा कोपरा. हे अंतर काढायला पायथागोरसचे प्रमेय पुरते.

आमच्या गाडीत किंगपिनची रेषा हबच्या पृष्ठभागापासून साधारण ६० मिमी आत धरली. जुन्या टायरसाठी एक बाजू व्यासाचा अर्धा म्हणजे ३५२, दुसरी ६० + ८७.५ = १४७.५. कर्ण येतो ३८१ मिमी. नव्यासाठी ३९४ आणि १९३.५. कर्ण ४३९ मिमी. फरक सुमारे ५७ मिमी! त्रिज्या ४२ नेच वाढली होती, पण वळताना कोपरा ५७ ने पुढे आला. वरचे १५ मिमी हे ऑफसेट आणि रुंदीचे देणे. (टायरचा खांदा गोल असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी होते. पण हिशेब नेहमी वाईटात वाईट स्थितीचा करावा.)

आता मोजलेली जागा पाहू. जुने टायर परत चढवून, रिकाम्या गाडीत, स्टेअरिंग पूर्ण वळवून बंपरच्या कोपऱ्यापर्यंत ६० मिमी फट मिळाली. म्हणजे नवा टायर गॅरेजमध्ये जेमतेम ३ मिमीने सुटला होता. मग पोती भरून आणि तेच चाक दगडी चौथऱ्यावर चढवून पुन्हा मोजले. स्प्रिंग दबल्यावर टायर वर सरकून बंपरच्या कोपऱ्यासमोर आला आणि फट ३४ मिमी उरली. ३४ मध्ये ५७ कसे मावणार? तोच हिशेब २३५/७५ साठी जुन्याच रिमवर केला तर कोपरा १८ मिमीने पुढे येतो. ३४ मधून १८ गेले की १६ उरतात. तो मावतो.

वर-खाली, आणि लिफ्टचा गैरसमज

मागे चाक वळत नाही, फक्त वर-खाली होते. तिथे दोन मापे घ्यायची. एक, टायरच्या माथ्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत. दोन, अ‍ॅक्सलपासून बंप स्टॉपपर्यंत. बंप स्टॉप म्हणजे चॅसीला लावलेला रबराचा ठोकळा. पाटे कितीही दबले तरी अ‍ॅक्सल तिथे येऊन थांबतो. आमच्या गाडीत पहिले माप १६० मिमी आणि दुसरे ९० मिमी आले. म्हणजे अ‍ॅक्सल पूर्ण वर गेला तरी टायरच्या डोक्यावर ७० मिमी शिल्लक. रबर स्वतः दबते, त्याचे ३० मिमी सोडा. उरले ४०. त्यातून ३१ इंचीचे ४२ वजा करा. खड्ड्यात आदळली की टायर पत्र्याला लागणार. २३५ चे १५ वजा केले तर २५ उरतात.

इथे हमखास कोणीतरी म्हणते, "मग गाडी उचलून घ्या, लिफ्ट करा." पाट्यांखाली ठोकळे टाकून किंवा जास्तीचा पाटा घालून गाडी उंच करता येते हे खरे. पण नीट विचार करा. गाडी उंच झाली ती रिकामी उभी असताना. माल भरून खड्ड्यात आदळली की अ‍ॅक्सल पुन्हा त्याच बंप स्टॉपपर्यंत वर जाणार. बंप स्टॉप जिथे होता तिथेच असेल, तर शेवटची फटही तेवढीच. लिफ्ट केली तर बंप स्टॉपही त्या मापाने खाली आणावा लागतो, आणि मग स्प्रिंगला दबायला मिळणारी जागा वाढत नाही. वर गुरुत्वमध्य उंचावतो तो वेगळाच. ज्याला भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटातून न्यायची आहे, त्याने हा सौदा दहा वेळा तपासावा.

आणखी एक गंमत. मामाची मूळ तक्रार डिफरन्शियल खरडण्याची होती. मागचा अ‍ॅक्सल अखंड असेल तर लिफ्टने चॅसी उंच होते, अ‍ॅक्सल नाही. तो गोळा जमिनीपासून किती वर राहील हे फक्त टायरची त्रिज्या ठरवते.

मग जगात खूप मोठे टायर लावून गाड्या फिरतात त्या कशा? आइसलँडची 'आर्क्टिक ट्रक्स' ही कंपनी हेच काम करते. २००७ साली 'टॉप गिअर' या ब्रिटिश कार्यक्रमातली मंडळी टोयोटा हायलक्स पिकअप घेऊन चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधल्या ठिकाणापर्यंत बर्फावरून गेली, ती गाडी याच कंपनीने ३८ इंची टायर लावून तयार केली होती. पण त्या गाड्यांची चाके नुसती बदललेली नसतात. मडगार्ड कापून रुंद केलेले असतात. टायरला जागा हवी असेल तर ती कुठून तरी कापून द्यावीच लागते, हा धडा त्यातून घ्यायचा.

खडूची परीक्षा

ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही पद्धत. टायरच्या दोन्ही खांद्यांवर आणि भिंतीवर ओल्या खडूचा जाड पट्टा ओढा आणि वाळू द्या. गाडीत नेहमीएवढा माल भरा. एक पुढचे चाक ओट्यावर किंवा मजबूत चौथऱ्यावर हळू चढवा, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दबेल. खाली वाकून बघणारा माणूस चाकापासून लांब उभा करा आणि दुसऱ्याने स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. मग इंजिन बंद, हँडब्रेक वर, बाकीच्या चाकांना दगड, आणि बॅटरी घेऊन बघा. बंपर, मडगार्ड, चॅसी, ब्रेकचा रबरी पाइप आणि टायरॉडचे टोक, यांपैकी जिथे खडू लागला असेल तिथे घासणार. दुसऱ्या बाजूला हेच, मागे हेच.

किती फट सोडायची? माझ्या मते कुठेही १५ मिमीपेक्षा कमी नको. आणि आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट आहे, काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात तो टायरला थरावर थर चिकटतो. कोरड्या दिवसात सुटणारा टायर आषाढात घासतो. शेतवाटेवर जाणाऱ्याने २५ मिमी तरी ठेवावे.

थोडक्यात अडत असेल तर स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढून चाक कमी वळेल असे करता येते. पण मग गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि घाटात तीच कमी असते. मडगार्डचे प्लास्टिक किंवा पत्र्याची आतली कड आत दुमडणे हा त्यापेक्षा बरा उपाय.

घासत नाही, तरीही...

समजा टायर सुटला. तरी चार गोष्टी उरतात.

पहिली, वेग. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर नाही. ३१ इंची टायर प्रत्येक फेऱ्यात १२ टक्के जास्त पुढे जातो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८९ वर असते.

दुसरी, जोर. त्रिज्या वाढली की तेवढ्याच टॉर्कमध्ये रस्त्यावरचा रेटा कमी होतो, इथे जवळपास साडेदहा टक्क्यांनी. चढाला गिअर आधी बदलावा लागतो आणि उताराला ब्रेकही तेवढाच कमी पडतो. २३५ ला हा फरक ४ टक्के आहे.

तिसरी, भार. टायरवर मापापुढे एक भारांक असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०. नवा टायर दिसायला दणकट असला तरी भारांक मूळच्यापेक्षा कमी नको. जुना टायर घेताना तारखेचा चार अंकी शिक्काही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आणि स्टेपनी विसरू नका. मोठी स्टेपनी खालच्या जागेत बसत नाही, आणि एका बाजूला लहान, दुसऱ्या बाजूला मोठे चाक लावून चालवले तर डिफरन्शियलचे हाल होतात.

चौथी, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी उघडा. त्यात आपल्या मॉडेलसाठी दोन आकार दिलेले असतील तर मोठा घ्या, खुशाल. नसेल तर अपघातानंतर विम्याच्या माणसासमोर आपली पायथागोरसची वही चालत नाही.

शेवटी काय झाले?

मामाच्या गाडीच्या पुस्तिकेत एकच आकार होता, २१५/७५. मी सगळा हिशेब त्याला समजावून सांगितला. ३१ मावत नाही, २३५ मावतो पण कागदात बसत नाही, आणि त्याने उंची मिळणार ती फक्त १५ मिमी. मामा म्हणाला, "म्हंजी एवढा सगळा खटाटोप बोटभर उंचीसाठी?"

३१ चा सेट तोटा सोसून विकला. किती तोटा ते मामीसमोर अजून कोणी बोलत नाही. विकताना ती खाच घेणाऱ्याला दाखवली आणि तो एक टायर भंगारात टाकला, एवढे समाधान. मूळ आकाराचेच, पण खोल नक्षीचे आणि योग्य भारांकाचे नवे टायर घातले. आणि शेतवाटेचे काय? एका रविवारी मामा, मी आणि शेजारचे दोघे टिकाव-फावडी घेऊन गेलो. मधला उंचवटा खणून काढला, चाकोऱ्यांत मुरूम भरला. दुपारच्या जेवणाला घरी. आता गोळा खरडत नाही.

येताना मामा फावडे खांद्यावर टाकून म्हणाला, "इंजिनिअर, हे आधीच सांगितलं असतंस तर?" मी काय सांगणार? आधी मी गाडीला चक्कर मारून "एक नंबर" म्हणालो होतो. मित्रांनो, तुम्हालाही कोणीतरी असे विचारेल. टायर असो, विहिरीची मोटर असो की घराचा स्लॅब. तेव्हा उत्तर देण्याआधी खाली वाका, टेप काढा, आणि भरलेल्या गाडीत मोजा.